टिटॅनी म्हणजे धनुर्वात नव्हे

प्रश्न तासगावकडच्या एका गृहस्थांचा आहे. सासरे वारले, बायको माहेरी पोचली आणि तासभर ओक्साबोक्शी रडली. रडता रडता तोंडाभोवती मुंग्या आल्या, मग दोन्ही हातांची बोटं आवळून वाकडी झाली. कुणी सरळ करायला गेलं की कळ यायची. एकीनं कांदा हुंगवला, दुसरीनं दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घातला. दवाखान्यात नेईपर्यंत बोटं निम्मी सुटली होती. डॉक्टरांनी कार्डावर 'टिटॅनी' लिहिलं. घरच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, ते 'टिटॅनस' असं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी सुनेला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. नीटची तयारी करणारा भाचा म्हणतो, टिटॅनी म्हणजे कॅल्शियम कमी होणं. पण रिपोर्टात कॅल्शियम ९.२ आलंय, म्हणजे नॉर्मल. मग खरं कोणाचं? आणि दोन वेगळ्या आजारांची नावं इतकी सारखी कशी?

आधी निवाडा सांगून टाकतो. डॉक्टर बरोबर आहेत. भाचा निम्मा बरोबर आहे. सासूबाईंचं चुकलं खरं, पण पावणेदोनशे-दोनशे वर्षांमागं युरोपातले नावाजलेले डॉक्टरही हेच करत होते. हा गोंधळ मिटावा म्हणूनच 'टिटॅनी' हा शब्द घडवला गेला. फक्त घडवणाऱ्यानं तो जुन्या शब्दाच्या इतका जवळ ठेवला, की आपल्याकडं गोंधळ पुन्हा मूळपदावर आला.

जुना शब्द टिटॅनस. तो ग्रीक आहे, आणि त्याच्या मुळाशी 'तेइनेइन' म्हणजे ताणणे हे क्रियापद आहे. हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत या आजाराची वर्णनं आहेत: जखम, मग जबडा मिटणं, मग पाठ मागं वाकणं. आपल्याकडं सुश्रुतानं हाच प्रकार 'अपतानक' म्हणून सांगितला आणि शरीर धनुष्यासारखं वाकतं त्या अवस्थेला 'धनुःस्तंभ' म्हटलं. आपला 'धनुर्वात' हा शब्द तिथलाच. अपतानकातला 'तान' आणि ग्रीक तेइनेइन ही एकाच घरची भावंडं आहेत. संस्कृतातला तन् हा धातू आणि ते ग्रीक क्रियापद एकाच मुळातून आलेत. आपला ताण, तणाव, गवयाची तान, सगळे त्याच गोतावळ्यातले. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत तार ताणून जो सूर काढतात, त्याला इंग्रजीत 'टोन' म्हणतात. तोही ग्रीक 'तोनोस'वरून, म्हणजे पुन्हा ताणणंच. आम्ही डॉक्टर स्नायूचा 'टोन' तपासतो तेव्हा हाच शब्द वापरतो.

सुश्रुताची एक गोष्ट मला फार थक्क करते. कोणता अपतानक बरा होत नाही, हे सांगताना त्यानं तीन कारणं दिली आहेत: गर्भपातानंतरचा, फार रक्त गेल्यानंतरचा आणि घाव लागल्यानंतरचा. जंतू नावाची चीज माहीत नव्हती त्या काळात, नुसतं बघून, हे टिपलं गेलं. जखमेतून आणि अस्वच्छ हातांनी केलेल्या गर्भपातातून धनुर्वात होतो, हे आज आम्ही पाठ्यपुस्तकात शिकतो.

आता पेटके, वांब, गोळे यांचं काय? चरकानं वाताच्या ऐंशी विकारांत 'पिण्डिकोद्वेष्टन' म्हणजे पोटरी पिळवटणं वेगळं मोजलंय, आणि हातापायाला पीळ पडण्याला 'खल्ली' म्हटलंय. म्हणजे रात्री झोपेत पोटरीत येणारा वांब आणि सगळं अंग वाकवणारा धनुर्वात एक नाही, हे आपल्या जुन्या वैद्यांनाही स्पष्ट होतं. 'स्पाझम' हा आमचा रोजचा शब्दही ग्रीकच, ओढणं या अर्थाचा. त्यात कारणाचा काही उल्लेख नसतो. स्नायू आपल्या मर्जीविरुद्ध आखडला, एवढंच तो सांगतो. कार्डावर नुसतं 'मसल स्पाझम' लिहिलं असेल तर का आखडला हा प्रश्न अजून मोकळाच आहे, असं समजा.

आता 'टिटॅनी' हा शब्द जिथं घडला त्या पॅरिसकडं येऊ. १८३१ मध्ये दान्स नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं काही रुग्ण नोंदवले. हातापायाची बोटं आखडायची, काही वेळानं सुटायची, पुन्हा आखडायची. माणूस मरत नव्हता. त्यानं नाव दिलं 'थांबून थांबून येणारा टिटॅनस'. पण टिटॅनस तर त्या काळी जीव घेतल्याशिवाय सहसा सुटत नसे, मग हा कसला? १८५२ मध्ये ल्यूसियाँ कॉर्व्हिसार यानं आपल्या प्रबंधात हातापायाच्या या आखडण्याला वेगळं नाव सुचवलं: 'तेतानी'. टिटॅनससारखं दिसणारं, पण टिटॅनस नसलेलं. इंग्रजीत त्याचंच 'टिटॅनी' झालं.

पॅरिसच्याच आर्मां त्रूसोला हे रुग्ण बऱ्याचदा बाळाला पाजणाऱ्या बायकांत दिसत. त्यानं याला 'दायांची आखडी' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. त्याच्या नावानं एक खूण आजही आम्ही बघतो. त्या काळी शिरेतून रक्त काढण्यासाठी दंडाला पट्टी आवळत. त्रूसोच्या ध्यानात आलं की पट्टी आवळली की या रुग्णांचा हात आखडतो आणि सोडली की सुटतो. आता आम्ही बीपीचा पट्टा वापरतो. वरच्या आकड्यापेक्षा थोडी जास्त हवा भरायची आणि तीन मिनिटं थांबायचं.

हे जवळून बघण्यासारखं असतं. पहिलं मिनिट काहीच होत नाही, बाई आपल्याकडं बघत असते. मग म्हणते, मुंग्या यायला लागल्या. मग अंगठा हळूहळू तळव्यात शिरतो. बोटं मधून सरळच राहतात, पण मुळाशी वाकतात आणि एकमेकांना चिकटतात. मनगट खाली झुकतं. हात अगदी असा होतो, जसा लहान मापाची बांगडी भरताना कासार आवळून घेतो. बाईला विचारलं तर ती म्हणते, मी काही करत नाहीय, आपोआप होतंय. पट्टा सोडला की थोड्या वेळात हात मोकळा. फ्रेंच डॉक्टर या आकाराला सुईणीचा हात म्हणत, कारण बाळंतपणात आत हात घालताना सुईण असाच हात करते. तासगावच्या त्या घरात जे दिसलं, ते हेच होतं.

१८७६ मध्ये ख्वोस्टेक या ऑस्ट्रियन डॉक्टरनं दुसरी खूण सांगितली. कानाच्या पुढं गालावर बोटानं टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो. सोपी आहे, पण मी तिच्यावर फारसा विसंबत नाही, कारण धडधाकट माणसांतही ती कधीकधी दिसते. त्रूसोची खूण जास्त भरवशाची.

पण कारण? ते सापडायला आणखी तीसेक वर्षं लागली, आणि वाट फार वाकडी होती. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक भारतीय गेंडा मेला आणि रिचर्ड ओवेन यानं त्याचं शवविच्छेदन केलं. गळ्यातल्या थायरॉईडला चिकटलेली एक छोटी पिवळसर गाठ त्याला दिसली. एवढीशी गोष्ट, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. १८८० मध्ये स्वीडनच्या सँडस्ट्रॉमनं माणसात त्या ग्रंथी शोधल्या आणि त्यांना पॅराथायरॉईड हे नाव दिलं. साधारण त्याच काळात व्हिएन्नात बिलरोथच्या शस्त्रक्रियागृहात गलगंड काढलेल्या रुग्णांना टिटॅनी होऊ लागली होती. थायरॉईडबरोबर या बारक्या ग्रंथीही निघून जात होत्या, हे कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी १९०९ मध्ये अमेरिकेत मॅक्कलम आणि फेग्टलिन यांनी दाखवलं, की या ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि कॅल्शियम टोचलं की आखडणं थांबतं.

इथपर्यंत भाच्याचं बरोबर. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात टिटॅनीला एकच ओळ दिलेली असते आणि त्यात कॅल्शियम कमी असंच लिहिलेलं असतं. परीक्षेला तेवढं पुरतं. त्याच पुस्तकांत स्नायूवर लागोपाठ विद्युत झटके दिले की तो सलग आकुंचन पावतो, त्यालाही 'टिटॅनस' म्हणतात. म्हणजे मुलांसाठी तिसरा गोंधळ तयार. तो प्रयोगशाळेतला शब्द आहे, आजार नाही.

आता कॅल्शियम ९.२ कसं? रक्तात डेसिलिटरला साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळं रिपोर्ट खोटा नाही. पण यातलं जेमतेम निम्मंच मोकळं फिरत असतं. साधारण चाळीस टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, थोडं इतर क्षारांबरोबर. नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, चालते ती मोकळ्या कॅल्शियमची सत्ता. नेहमीच्या तपासणीत एकूण मोजतात, मोकळं नाही.

ओक्साबोक्शी रडताना माणूस भराभर श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकतो. त्यानं रक्त थोडं अल्कलीकडं झुकतं. तसं झालं की अल्ब्युमिनवरच्या जागा रिकाम्या होतात आणि मोकळं कॅल्शियम तिथं जाऊन चिकटतं. एकूण तेवढंच, पण कामाचं कमी. शिवाय रक्त अल्कली झाल्यानंच नसा चिडचिड्या होतात. आधी मुंग्या, मग बोटं आखडणं, हा क्रमही ठरलेला. १९२० मध्ये ग्रँट आणि गोल्डमन यांनी हे प्रयोगानंच सिद्ध केलं: मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायचा, टिटॅनी येते. श्वास शांत झाला की काही मिनिटांत ते उलटं फिरतं. म्हणून दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं सुटत आली होती.

विचार करणारी मुलं यावर एक शंका काढतात, आणि ती रास्त आहे. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, मग कॅल्शियम कमी झाल्यावर स्नायू ढिला पडायला हवा, आखडतो कसा? उत्तर असं, की स्नायू आपल्या कामाचं कॅल्शियम स्वतःच्या आतल्या साठ्यातून काढतो. बाहेरच्या कॅल्शियमचं काम वेगळं: नसेच्या आवरणावर ते लगाम ठेवतं. लगाम सुटला की नस कारण नसताना हुकूम सोडत राहते आणि स्नायू बिचारा पाळत राहतो.

पण गाय व्याली की जे होतं ते उलट, आणि आपल्या भागातल्या दूधवाल्या घरांना हे सांगायला नको. व्यायल्यावर दुधात कॅल्शियम जातं, गाय आधी थरथरते, मग बसते ती उठत नाही, मान कुशीला लावून पडते. याला मिल्क फिव्हर म्हणतात, पण ताप नसतो, उलट कान गार पडतात. माणसाची बोटं आखडतात तिथं गाय लुळी पडते, कारण तिच्यात नसेकडून स्नायूला निरोप पोचवणारा सांधाच कॅल्शियमअभावी आधी बंद पडतो. औषध मात्र एकच. जनावरांचे डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली लावतात आणि तासाभरात गाय उभी राहते. आम्हीही देतो, अगदी सावकाश, कारण घाईनं दिलं तर हृदयावर बेततं. जाताना अंगभर ऊब पसरते, म्हणून हे इंजेक्शन 'ताकदीचं' म्हणून मागणारेही भेटतात. ताकदीशी त्याचा काही संबंध नाही. नुसत्या श्वासाच्या टिटॅनीत ते लागतही नाही.

आता सासूबाईंची भीती. धनुर्वात कसा ओळखायचा, हे घराघरात ठाऊक असायला हवं, कारण तो अजून संपलेला नाही. त्याचा जंतू मातीत आणि शेणात बीजरूपानं वर्षानुवर्षं राहतो. १८८९ मध्ये जपानच्या किटासाटोनं तो शुद्ध रूपात वाढवून दाखवला. तोडलेल्या उसाचं टोकदार बुडखं तळपायात घुसतं, बाभळीचा काटा आत मोडतो, कोयता निसटतो. भोक बारीक, वरून बुजलेलं, आत हवा नाही. असली जागा त्याला मानवते. गंजलेल्या खिळ्याचा धाक सगळ्यांना असतो, पण गंजात काही नाही. खिळ्याला लागलेली माती आणि त्यानं पडलेलं खोल भोक, हा खरा धोका.

जखमेनंतर साधारण तीन ते एकवीस दिवसांत सुरुवात होते, आणि ती बहुतेक वेळा जबड्यापासून. घास घेता येत नाही, तोंड उघडत नाही, चेहरा ताणून विचित्र हसल्यासारखा दिसतो. मग मान, पाठ, पोट ताठ. भांडं पडलं, दिवा लावला, कुणी हात लावला, की झटका येऊन पाठ धनुष्यासारखी उचलते. म्हणून अशा रुग्णाला अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवतात. शुद्ध असते, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. जंतूचं विष मज्जारज्जूत स्नायूंना 'सैल सोड' सांगणारा निरोपच अडवतं. हातापायांची बोटं मात्र त्या मानानं मोकळी राहतात.

फरक तिथंच आहे. टिटॅनी बोटांपासून सुरू होते आणि मिनिटा-तासांत सुटते. धनुर्वात जबड्यापासून सुरू होतो आणि दिवसागणिक वाढतो. तोंड उघडत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं आणि गेल्या काही दिवसांत जखम झाली असेल, तर गावात वेळ घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि आखडलेल्या माणसाच्या तोंडात चमचा कुठल्याच आजारात घालू नका. दात तुटतात, श्वासात अडकतात. कांद्याचा आणि चपलेचाही उपयोग नाही. हुंगलं तेव्हा शुद्धीवर आली असं जे वाटतं, ते तेवढ्यात श्वास शांत झालेला असतो म्हणून.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घुमताना, देवाला आळवताना, मयताला किंवा भांडणात कुणी जोरजोरात श्वास घेऊ लागलं आणि बोटं वाकडी झाली, की काही घरांत 'बाहेरचं' म्हणून अंगारा आणायला माणूस पळतो. वर सांगितलेली रसायनांची साखळी तिथंही तीच असते. बाईला मोकळ्या हवेत बसवा, गर्दी हटवा, एकानंच हळू आवाजात बोला, श्वास सोडताना लांबवायला सांगा. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय आता आम्ही सांगत नाही. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर त्यानं घात होतो. भराभर श्वास दम्यात, न्यूमोनियात, साखर फार वाढल्यावरही चालतो, म्हणून पहिल्यांदा झालं असेल तर डॉक्टरांनी एकदा बघितलेलं बरं. 'नाटक करते' म्हणणाऱ्यांना दोन शब्द सुनवायला माझी हरकत नाही. ती बोटं तिनं वळवलेली नसतात.

तुमच्या पत्नीला हे रडतानाच, एकदाच झालं असेल तर एवढ्यावर थांबता येईल. पण शांत बसल्यावर, स्वयंपाक करताना, पहाटे उठल्यावर बोटं आखडत असतील तर गोष्ट वेगळी. त्या वेळी मी हे आवर्जून विचारेन: गळ्याचं ऑपरेशन झालंय का, बाळ अंगावर पितंय का, फिटची गोळी चालू आहे का, जुलाब बरेच दिवसांचे आहेत का, आणि ॲसिडिटीची गोळी किती वर्षं घेताय. हा शेवटचा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल घेणं आपल्याकडं चहाइतकं नेमाचं झालंय, आणि काहींच्यात ती वर्षानुवर्षं घेतल्यानं मॅग्नेशियम उतरतं. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम कितीही द्या, टिकत नाही. म्हणून तपासणीत कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन, मॅग्नेशियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि गरज वाटली तर पॅराथायरॉईडचं हार्मोन, शिवाय एक ईसीजी, एवढं बघावं. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज आला तर स्वरयंत्र आखडतंय, तेव्हा वाट बघायची नाही.

राहिलं ते इंजेक्शन. टिटॅनीसाठी त्याचा उपयोग शून्य, पण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं आता टीटीच्या जागी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण मिळतं. मोठ्या माणसांना दर दहा वर्षांनी एक डोस हवाच असतो आणि तो बहुतेक कुणी घेत नाही. तारीख कार्डावर लिहून ठेवा. तुमच्या आईंना विचारा, त्यांनी स्वतः शेवटचं कधी घेतलं होतं. रोज गोठ्यात शेणात हात घालणाऱ्या त्याच असतील, तर आधी त्यांना न्या.